जानरावचा उजवा हात

घाबरू नका, मित्रांनो. मी एक जुनी हातकडी आहे, पण कुणाला धरण्याइतका जोर आता माझ्यात उरलेला नाही. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका ठाण्यामागच्या खोलीत, जप्त केलेल्या सायकली आणि फुटक्या कंदिलांच्या ढिगाखाली मी पडून आहे. दाराला कायम कुलूप असते. दुसऱ्यांना अडकवण्यात जिचे आयुष्य गेले, तीच आता अडकली आहे. करावे तसे भरावे म्हणतात, ते काही खोटे नाही.

माझा जन्म इंग्रजांच्या काळातला. दोन जाड कड्या, मधे साखळी आणि पेचाची किल्ली. माझ्या कड्या एकाच मापाच्या, लहानमोठ्या होत नाहीत. पण मनगटात बसले की मी अंगठ्याच्या मुळाशी अडते आणि हात बाहेर येत नाही. तेवढ्यावरच माझा सारा तोरा होता. तुम्ही टॉकीजमध्ये बघता ना, हीरो दगडावर हात आपटतो आणि हातकडी तुटते? साफ थाप आहे ती! माझ्यातून दरोडेखोरही सुटले नव्हते. हवालदार मोतीराम मला तेल लावत, चिंधीने पुसत आणि म्हणत, "हे हाय म्हनून मले गाडीत डुलकी तं लागते." ते ऐकून मी फुगून जाई.

महाराष्ट्र राज्य नुकतेच झाले होते. त्या दिवसांत जानराव आमच्या ठाण्यात आला. खामगावच्या एका जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या गिरणीत, तो कामाला होता. तिथला मुकादम रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, गोदामात मरून पडला होता. त्याच्या डोक्यात कापसाच्या गाठी सरकवायची पहार बसली होती. ती इतकी जड की दोन्ही हातांनी घट्ट धरल्याशिवाय उचलली जात नसे. जानराव आपण होऊन आला आणि म्हणाला, "म्या मारलं त्याले."

कबुली मिळाल्यावर खोलात कोण जातो? कागदावर त्याच्या डाव्या हाताचा अंगठा घेतला. पुरुषाचा डावाच घेतात. उजव्या हाताला त्याने फडका गुंडाळला होता, तो सोडून बघावा असे कुणालाच वाटले नाही. मला मात्र त्या हातात घातल्याबरोबर कळले. त्या हाताला अंगठाच नव्हता! मागे कधीतरी यंत्रात कापूस लोटताना रुळांनी तो मुळासकट ओढून घेतला होता. मी जिथे अडते ती जागाच नव्हती. मी घसरू लागले. आता खाली पडणार, तोच जानरावने डाव्या हाताने मला हळूच वर सारले.

जिनिंगमधल्या सगळ्यांना तो हात ठाऊक होता. पण बोललो तर मालक कामावरून काढील या धाकाने सारे तोंडात मिठाची गुळणी धरून बसले होते. मला काही उमजेना. सुटायची वाट उघडी असताना हा माणूस मला असा जपतो का? वेडा आहे की काय!

उत्तर मला बोथ्याच्या घाटात मिळाले. मोतीराम जानरावला एसटीने बुलढाण्याच्या कोर्टात नेत होते. माझी एक कडी जानरावच्या उजव्या हातात, दुसरी मोतीरामांच्या डाव्या हातात. मागच्या बाकावर चांगुणा बसली होती, जानरावची एकुलती लेक. तिला आई नव्हती. बापाबरोबर त्याच जिनिंगमध्ये ती रुई निवडायला जाई. चढावर इंजिन तापले, गाडी थांबली, माणसे उतरली. मोतीरामांनी आपल्या हातातली कडी काढून बाकाच्या दांडीत अडकवली आणि ते ड्रायव्हरबरोबर पाणी बघायला गेले. माझ्यावर केवढा तो भरवसा!

चांगुणा पुढे आली.

"बाबा, हात काढ ना. निघते तो. पयून जा. जंगलात कोनाले सापडनार नाही तू."

"अन् म्या पयालो, तं मंग कोनाच्या मांगे लागतीन थे? तुह्याच ना? बस गुपचूप."

"पन मारलं तं म्या हाय ना!"

"हयू बोल." जानरावने खिडकीबाहेर पाहिले. "त्यानं दार लावून घेतलं होतं. तू नाही मारलं असतं तं काय झालं असतं? माहं अर्धं आयुष्य त्या जिनातच गेलं पोरी. तुहं राह्यलं हाय."

मग मला सारे समजले. मुकादमाने गोदामाचे दार आतून लावून तिला कोंडले होते. पळायला जागा नव्हती, आणि भिंतीशी पहार उभी होती. जानराव पळाला असता तर पोलीस पुन्हा गोदामात शिरले असते आणि माग तिच्यापर्यंत गेला असता. म्हणून तो मला घट्ट धरून होता. बाप माझ्यात अडकला होता आणि लेक बापाच्या शब्दात. खरे सांगते, त्या क्षणी मला माझ्या लोखंडाची लाज वाटली. मला तुटून पडावेसे वाटले, पण ते माझ्या हाती थोडेच होते?

गाडी सुरू झाली. बुलढाणा येईपर्यंत प्रत्येक खड्ड्याला मी खाली घसरे आणि जानराव मला वर सारी.

कोर्टात जानरावला उभे केले. मोतीराम किल्ली काढायला खिशात हात घालतात, तोच चांगुणा गर्दीतून धावत आली. तिने फडका ओढून काढला आणि मला धरून एकच हिसका दिला. किल्लीशिवाय, सगळ्यांच्या देखत, मी त्या हातातून निघाले.

"साहेब, हा हात पाहा आधी!" ती ओरडली. "ह्या हातानं पहार उचलते का? म्या मारलं त्याले. त्यानं मले कोंडलं होतं."

"खोटं बोलून राह्यली साहेब पोरगी!" जानराव तिच्याकडे वळला. "हे काय केलं वं माय तू!"

चांगुणाने आपले हात पुढे केले. मोतीरामांनी साहेबांकडे पाहिले, मान खाली घातली आणि मला तिच्या मनगटात घातले. तिचे हात इतके बारीक की मी तिथेही सैल होते. मी घसरू लागले, तेव्हा तिने दुसऱ्या हाताने मला वर सारले. अगदी बापासारखे.

खटला बरेच दिवस चालला. शेवटी तिच्याबरोबर रुई निवडणाऱ्या सोजराबाईने तोंड उघडले. दार आतून लावलेले तिने पाहिले होते, आतला आरडाओरडा ऐकला होता. जीव आणि अब्रू वाचवायला पोरीने हात उचलला, असे म्हणून कोर्टाने तिला सोडले. आधीच सुटलेला जानराव तुरुंगाच्या फाटकाशी तिची वाट बघत उभा होता, असे मोतीराम सांगत होते.

मला मात्र त्यांनी पुन्हा तेल लावले नाही. मी आता गंजले आहे, पण माझी तक्रार नाही. मित्रांनो, जानरावला हातकडी घातली होती, असे कागदावर लिहिलेले आहे. ते खोटे आहे. मी त्याला धरले नव्हते, त्यानेच मला धरले होते.

उद्या तुमच्यापैकी कुणी मोठे होऊन या खोलीचे कुलूप उघडाल. मला घासूनपुसून चकचकीतही कराल. जरूर करा. पण मला कुणाच्या मनगटात घालण्याआधी तो हात नीट बघा. त्यावर फडका असेल, तर सोडून बघा.