वाढत्या अंगाची रायफल

उद्धवभावजींच्या मते माणसाने काहीही घेताना एक माप मोठंच घ्यावं. हे अभयचे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे, कॉलेजपासूनचे मित्र. मुलाला पहिलीत घेतलेला रेनकोट त्यांनी चौथीपर्यंत पुरवला. "वाढत्या अंगाचं घ्यावं," हा त्यांचा मंत्र. मी त्यांना हसत नाही, कारण दोन वर्षांपूर्वी मीही तेच केलं आणि ते एका कुडूला भोवलं.

कुडू म्हणजे पिळदार शिंगांचं, घोड्याएवढं आफ्रिकी हरण. नामिबियातल्या एका शिकारीच्या फार्मवर अभय, भावजी आणि मी असे आम्ही तिघं गेलो होतो. आम्ही राहतो त्या सिंगापूरमध्ये घरी बंदूक ठेवता येत नाही, म्हणून रायफल फार्मचीच वापरायची. मी इथल्या नेमबाजीच्या क्लबात फक्त ट्वेंटी-टू, म्हणजे सरावाची छोट्या गोळीची रायफल, चालवली होती. तिचा धक्का दार लोटल्याइतकाही लागत नाही. तरी फार्मने पाठवलेल्या फॉर्मवर 'अनुभव' या रकान्यात मी ठोकून दिलं, 'चांगला'.

"थ्री हंड्रेड मॅग्नम घ्या वहिनी, जनावर मोठं आहे," भावजी म्हणाले. घेतली. सरावाच्या पहिल्या गोळीतच खांदा काळानिळा झाला, पण 'चांगला' लिहून बसलेली बाई माघार कशी घेणार? दुसऱ्या दिवशी कुडूच्या खांद्यामागे, काळजाच्या जागी, नेम धरला आणि गोळी पोटात लागली. दोन दिवस आम्ही रक्ताचा माग काढत फिरलो. मग रक्तही दिसेनासं झालं. कुडू सापडला नाही.

मटणाच्या रश्श्यावर ताव मारणारे माझे नातेवाईक 'जीव कशाला घ्यायचा' म्हणून मला सुनावतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही. जीव घ्यायचाच तर एका गोळीत घ्यावा, एवढं मला कळतं, आणि नेमकं तेवढंच मला जमलं नव्हतं. याची लाज वाटत होती. मला परत जाऊन ते नीट करायचं होतं.

परत आल्यावर मी वाऱ्याला, दुर्बिणीला, रायफलीला, सगळ्यांना दोष देऊन पाहिला. शेवटी क्लबच्या कोचला सगळं सांगितलं. त्याने ट्वेंटी-टू हातात दिली आणि म्हणाला, कधी गोळी भरून देईन, कधी रिकामीच देईन, तुला सांगणार नाही. बाकावर माझी मुलगी जाई बसली होती. ती शाळेच्या टीममधून एअर रायफल चालवते. तिसऱ्या खेपेला मी ट्रिगर दाबला. रायफल रिकामी होती, तरी नळी झटक्यात खाली गेली.

"आई, यू क्लोज्ड युअर आइज, ला!" जाई तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

म्हणजे दोष माझ्या डोळ्यांचा होता. मॅग्नमच्या धक्क्याची धास्ती अंगात भरली होती आणि गोळी सुटायच्या आधीच मी डोळे मिटत होते. कुडूवर मी डोळे मिटून गोळी झाडली होती. हे कळलं त्या दिवशी घरी परतताना हौगांगच्या बसमध्ये मी जाईसमोर रडले. त्यानंतर दीड वर्षात एकही शनिवार चुकवला नाही. रिकामी रायफल हातात आली तरी नळी हलेनाशी झाली, तेव्हाच मी पुन्हा यायचं म्हणून फार्मला ईमेल केली.

गेल्या रविवारी भावजी जुरोंग ईस्टहून जेवायला आले, तेव्हा नवा फॉर्म टेबलावर होता. रायफली तीन: रानरेड्यासाठीची थ्री सेव्हन फाइव्ह, तीच ती मॅग्नम, आणि सेव्हन बाय फिफ्टीसेव्हन. ही शेवटची जुनी, बेताच्या धक्क्याची. मी तिच्यावर खूण केली.

"अहो वहिनी, मागच्या वेळी मॅग्नमनेही पडला नाही! आता थ्री सेव्हन फाइव्ह घ्या. नेम थोडा चुकला तरी काम होतं."

"पोटात लागलेली मोठी गोळी पोटातच लागते, भावजी. दीडशे मीटरच्या आतून खांद्यामागे लागली, तर कुडूला ही पुरते. आणि ही चालवताना माझे डोळे उघडे राहतील."

"आणि दोनशेवर उभा असेल तर?"

"तर जवळ जाईन. नाही जाता आलं तर सोडून देईन."

अभयने आमटीची वाटी माझ्याकडे सरकवली.

मग 'अनुभव' हा रकाना आला. मी लिहिलं, 'एक कुडू जखमी केला. सापडला नाही. चूक माझी.'

भावजींचा घास हातातच राहिला. "हात दाखवून अवलक्षण कशाला? हे वाचून ते तुम्हाला रायफल देतील का?"

"नाही दिली तर नाही," मी म्हणाले आणि फॉर्म पाठवून दिला. दीड वर्षाचे शनिवार त्या एका ओळीवर टांगलेले होते.

फार्मच्या म्हाताऱ्या मालकाचं उत्तर मंगळवारी ऑफिसात मीटिंग चालू असताना आलं. रायफल मिळेल. पहिले दोन दिवस फक्त कागदावर नेम. तिसऱ्या दिवशी तो नाही म्हणाला, तर मी गोळी झाडायची नाही. खाली एक ओळ होती: 'तो कुडू मी आणखी चार दिवस शोधत होतो.'

हे त्याने मला कधीच सांगितलं नव्हतं. मी मीटिंग सोडून जिन्यात जाऊन उभी राहिले. मग उत्तर लिहिलं, 'सगळं मान्य आहे. येते.'

शनिवारी पुन्हा क्लबात गेले.