ओली रेघ दिसत नाही

आमच्या ललितावहिनीनं काढलेला पोपट एकदा भिंतीवरून उतरून पेरू खाऊन गेला होता. भिवपुरीच्या अलीकडच्या एका गावातलं लग्न होतं. सकाळी घरची बाई बघते तर भिंतीवरच्या पोपटाची चोच ओली आणि परसात अर्धे खाल्लेले पेरू. मी स्वतः पाहिलं. ते पेरू मीच खाल्ले असं म्हणणारी माणसं गावात आहेत, पण त्यांना चित्रातलं काही कळत नाही.

लग्नघराच्या भिंतीवर आमच्याकडं चौक काढतात. हळदीच्या दिवशी भिंतीला गेरू द्यायचा, तांदळाची पिठी पाण्यात कालवायची आणि टोक ठेचून मऊ केलेल्या बांबूच्या काडीनं काढायला बसायचं. वर चंद्रसूर्य, मध्ये मांडव, मांडवात नवरानवरी, बाहेर घोडी आणि वाजंत्रीवाले. आसपासच्या गावांत वहिनी आल्याशिवाय हळद लागत नसे. मग घरोघरी गुळगुळीत रंग आले, कर्जतच्या दुकानात चिकटवायचे चौक मिळायला लागले, आणि वहिनीला बोलावणं येईनासं झालं. तिनंही काडी ठेवून दिली. गेली सहा-सात वर्षं ती काडी फक्त पाठ खाजवायला बाहेर निघायची.

यंदा तिच्याच नातीचं, समीक्षाचं लग्न ठरलं. मुलगा खोपोलीचा. समीक्षा जेवता जेवता म्हणाली, "आजे, चौक तूच काढायचा. चिकटवलेला मला नको."

तिचा भाऊ विपुल गुणी पोरगा, पण बोलताना आधी तोंड चालतं आणि मग डोकं. तो म्हणाला, "काढू दे की. मी आपला एक फ्लेक्स सांगून ठेवतो. आजीला नाय जमलं तर ऐन टायमाला धावपळ नको."

वहिनी ताट उचलून चुलीकडं गेली. त्या रात्रीची आमटी अशी झाली होती की मोरूदादा, म्हणजे माझा थोरला भाऊ आणि तिचा नवरा, अजून पाणी पितोय.

दुसऱ्या दिवशी तिनं गोठ्याच्या मागच्या भिंतीला गेरू दिला आणि काडी बुडवली. मी शेजारीच राहतो, तेव्हा कुंपणावरून बघणं माझं कामच. वहिनी रेघ ओढायची, थांबायची, डोळे बारीक करायची आणि त्याच रेघेवरून परत काडी फिरवायची. संध्याकाळपर्यंत घोडी, पालखी आणि दोन वाजंत्रीवाले काढून झाले.

सकाळी मी गेलो तेव्हा ती चित्रासमोर कमरेवर हात ठेवून उभी होती.

"वहिनी," मी म्हणालो, "घोडीला कितवा महिना गं?"

"गप ऱ्हावा."

"आणि या सनईवाल्याचे गाल का सुजलेत? दाढ दुखते का त्याची?"

तिनं गेरूचं फडकं माझ्यावर फेकलं. शर्टावरचा डाग अजून आहे. पण माझंही चूक नव्हतं. भिंतीवरचं सगळंच फुगलं होतं. घोडी दिवस भरलेली, पालखी हत्तीच्या पायांवर उभी, आणि वाजंत्रीवाले महिनाभर लग्नं जेवून आल्यासारखे.

त्याचं असं आहे, की ओल्या गेरूवर पिठीची ओली रेघ दिसत नाही. काढणाऱ्याला वाटतं काडी कोरडी गेली. पाणी सुकलं की मग ती हळूहळू पांढरी होत वर येते. तोवर दम नाही धरला आणि दुसऱ्यांदा काडी फिरवली, की रेघेचा दोर होतो. वहिनीला हे माहीत नव्हतं असं नाही. तिनंच गावातल्या पोरींना बोटांवर काडी मारून शिकवलं होतं.

"म्हाईत हाय, भावजी," ती पायरीवर बसत म्हणाली. "पन धीरच होत नाय. पयलं कसं, रेघ मारली की मी पुढं. आता वाटतंय, उमटलीच नसंल. हात परत तितंच जातो."

"मग रेघ मारली की भिंतीकडं बघूच नको."

"मग काय तुमच्याकडं बघू?"

"बघ की. फुकट हाय."

असा आमचा नेम सुरू झाला. सकाळी भात चुलीवर चढवला की वहिनी काडी घेऊन यायची आणि मी पायरीवर बसायचो. तिनं एक रेघ मारायची आणि माझ्याकडं तोंड फिरवायचं. रेघ पांढरी होईपर्यंत मी काहीतरी सांगायचं. संध्याकाळी गेरूचा हात फिरवून भिंत पुसायची, की उद्याला कोरी.

आता सुकेपर्यंत पुरेल एवढं खरं माझ्याकडं कुठून असणार? मी सांगितलं, कोंडाण्याच्या लेण्यात एकदा शिंकलो, तर ती शिंक तिथंच घुमत राहिली आणि पुढच्या दिवाळीला बाहेर आली.

"आणि तुमी तितं बसून व्हता व्हय?" वहिनीनं विचारलं.

"नाय गं. मी दिवाळीचा तिकडनं चाललो होतो. आवाज ओळखीचा वाटला."

मग मी तिला भिवपुरीच्या पॉवरहाऊसमधून सुटणाऱ्या पाण्यात धरलेला मासा सांगितला. त्याच्या अंगात एवढा करंट होता की चूल पेटवावी लागली नाही, नुसता कढईत सोडला तर आपला आपण तळला गेला.

"तेल?"

"तेल घातलं होतं. मासा काय तेलाचा कारखाना हाय?"

एवढ्यात रेघ वर यायची. वहिनी वळून बघायची आणि पुढची मारायची. पहिले काही दिवस घोडीचं पोट काही उतरेना, कारण माझ्या थापेत दम नसला की वहिनीची मान वळायची आणि काडी परत जायची. एक दिवस तर ती काही न काढताच उठली. "फ्लेक्सच लावा," म्हणाली, आणि सगळी पिठी कोंबड्यांना घातली. मी काही समजूत घातली नाही. दुसऱ्या दिवशी पायरीवर जाऊन बसलो आणि भातात मीठ किती हे विचारलं. ती चिडून आली, आणि आल्यासारखी चार रेघा मारून गेली. त्यातल्या तीन बारीक निघाल्या.

हळदीच्या आदल्या आठवड्यात घोडी सुटली. पाय काटकुळे, मान ताठ, पोट जागेवर. मी मोरूदादाला बारशाचं आमंत्रण देऊन आलो.

पण गोठ्याची भिंत वेगळी आणि लग्नाची वेगळी. हळदीच्या दिवशी ओटी पाहुण्यांनी भरलेली. वहिनी भिंतीसमोर बसली, मांडवाचे खांब ओढले, नवरानवरी काढली, घोडी काढली आणि हात मांडीवर ठेवला. भिंतीवर काहीच नाही. नुसता ओला लाल गेरू. खोपोलीहून आलेली नवऱ्या मुलाची आत्या, आवडीबाई, पुढं वाकून म्हणाली, "अवो, काय दिसत नाय. परत फिरवा की काडी."

"व्हय, पिठी पातळ झालीया," आणखी कोणी म्हणालं.

विपुल फ्लेक्सची गुंडाळी काखेत घेऊन दारात उभा होता. दिसायला बिचारा कावराबावरा, पण गुंडाळीची दोरी सोडत होता.

वहिनीची काडी पिठीत बुडली. मी ओळखलं, आता हात परत जाणार. तोंड उघडलं, पण एवढ्या पाहुण्यांसमोर, तेही सोयऱ्यांच्या, मला एक थाप सुचेना. हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं.

वहिनीनं माझ्याकडं पाहिलं. मग काडी वाटीवर आडवी ठेवली आणि भिंतीकडं पाठ करून सरळ आवडीबाईंकडं वळली.

"या आमच्या भावजींच्या लग्नाचं आयकलंय का तुमी?" ती म्हणाली. "येवढं हडकुळं व्हतं, की हळद लावली ती खाली घसरली. बाशिंग बांधलं, तर बाशिंगाचंच वजन जास्त. म्हनून मांडवाच्या खांबाला बांधून ठेवलं. तेवढ्यात घाटातनं वारं आलं."

"मग?" आवडीबाई.

"मग काय. खांबासकट गेलं. आमी वरातीसकट मागं. खोपोलीच्या टाकीला आडकलं तवा सापडलं. तुमच्याच गावात, इचारा कुनालाबी. भटजींनी खालूनच अक्षता मारल्या."

ओटी हसून लोळायला लागली. "खोटं हाय," मी म्हणालो, "माझं लग्न वेळेवर आणि जमिनीवर लागलं." कोणी ऐकेना. आवडीबाई डोळे पुसत म्हणाली, "माझा सासरा सांगायचा, टाकीवर कोनतरी आडकलं व्हतं म्हनून." बाया मला वरून खाली बघायला लागल्या. भिंतीकडं कोणाचं लक्षच नव्हतं.

समीक्षाचं तेवढं होतं. ती हळदीच्या पाटावर बसली होती, भिंतीकडं तोंड करून. ती हळूच म्हणाली, "आजे."

सगळे वळले. मांडव उभा होता. घोडी एका पायावर थोडी लंगडी, पण केसाएवढ्या रेघेची. वाजंत्रीवाल्यांची जागा अजून रिकामी. विपुलनं फ्लेक्सची दोरी परत बांधली आणि गाठ नीट बसली का ते उगाच दोनदा पाहिलं.

"भावजी," वहिनी काडी उचलत म्हणाली, "वाजंत्री ऱ्हायलीत. आता तुमी सांगा. माझं संपलं."

पाठवणी झाली, मांडव उतरला. त्यानंतरच्या सकाळी मी उशिरा उठलो, कारण अजून तीन गावांचे पाहुणे मला टाकीबद्दल विचारून गेले होते. कुंपणावरून पाहिलं तर गोठ्याची भिंत ताजी लाल, आणि वहिनी समोर बसलेली.

"आता कोनाचं लगीन हाय?" मी विचारलं.

"कोनाचं नाय," ती म्हणाली. "भात चढवलाय. बसा."