पाच चाट्या

तीस वर्षं मी सरकारी नोकरीत पाण्यात मासे सोडत आलोय. कटला, रोहू, मृगळ यांची बोटाएवढी पिल्लं प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून यायची आणि मी ती नाशिक जिल्ह्यातल्या धरणांत, बंधाऱ्यांत, तळ्यांत सोडायचो. उद्दिष्ट पूर्ण झालं की फोटो काढायचा, अहवाल पाठवायचा. त्या पाण्यात आधी कोण राहत होतं, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. निवृत्तीला दीड वर्ष उरलं असताना वरून पत्र आलं, की आपल्या नद्यांतले मूळचे मासे कुठे उरलेत ते शोधा, म्हणजे ती जागा राखून ठेवता येईल. पत्र वाचून मला हसू आलं. ज्याने घरात पाहुणे आणून भरले, त्यालाच आता घरची माणसं शोधायला सांगितलं होतं.

पत्रासोबत बारा माशांच्या चित्रांचा तक्ता होता. अकरा मला ठाऊक होते. बारावा करंगळीएवढा, तपकिरी, पोट चपटं आणि तोंड खालच्या बाजूला. त्याच्यापुढे दोनच ओळी होत्या. वाहत्या पाण्यात दगडाला चिकटून राहतो, आणि बऱ्याच वर्षांत कुणाला दिसलेला नाही.

घोटीच्या पुढे दारणा नदीला एक ओढा मिळतो, तिथल्या गावात मच्छीमार संस्थेची बैठक लावली. चेअरमन मल्हारी यांनी तक्ता पाहायच्या आधीच दोन्ही हात फाकवून, आपल्या आजोबांनी केवढा मासा धरला होता ते दाखवलं. मग दुसऱ्याने त्याहून जास्त हात फाकवले. अशाने तासभर गेला. बाराव्या चित्रावर बोट ठेवून विचारलं, तर सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"असलं बारीक कोण धरतंय सायेब?" मल्हारी म्हणाले. "जाळ्यातून निसटून जाईल ते."

चहाचे कप गोळा करायला एक म्हातारी आली होती. नाव कुसाबाई. नवरा संस्थेचा जुना सभासद होता, तो वारल्यावर मुलगा नवनाथ सभासद झाला. कुसाबाईंनी माझ्या खांद्यावरून तक्त्यात डोकावून पाहिलं.

"ही चाटी हाय," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"चाटी. दगुड चाटती म्हून. खायची नाय ती, बाळंतिणीची हाय. अंगावर दूध येत नसलं की पाच दिस रोज एक द्यायची, कालवण करून. पाचाच्या वर नाय धरायची."

पुरुषमंडळी हसली. मी हसलो नाही, कारण मला माझीच लाज वाटत होती. तीस वर्षांत मी एकाही बाईला मासा दाखवून विचारलं नव्हतं. जाळ्यात येतो तोच मासा, असं या लोकांचं मत होतं आणि माझंही तेच होतं.

बैठक उठल्यावर त्यांना गाठून म्हटलं, "मावशी, जागा दाखवाल?"

"दाखवली तर काय कराल?"

"राखू. बोर्ड लावू, माणूस नेमू. तिथं कुणी मासा धरणार नाही."

"कुणीच?"

"कुणीच नाही."

त्यांनी कपांची चळत उचलली. "उद्या सकाळी या," एवढंच म्हणाल्या आणि कप धुवायला गेल्या.

सकाळी गावाच्या खाली, जिथे ओढा खडकावरून उतरून पसरतो, तिथे नेलं. टोपलीएवढे गोल दगड पाण्यात पसरले होते, वरून शेवाळाने हिरवे झालेले. कुसाबाईंनी लुगडं खोचलं, गुडघाभर पाण्यात वाकल्या आणि एका दगडाखाली अलगद हात घातला. हात वर आला तेव्हा तळव्याला करंगळीएवढा तपकिरी मासा चिकटलेला होता. पाणी गळत होतं, तरी तो तळवा सोडत नव्हता. मी आयुष्यात लाखो मासे पाहिलेत, पण त्या दिवशी माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे कबूल करायला मला काही वाटत नाही.

"दगुड उचलला तर होता तसाच ठिवायचा," त्या म्हणाल्या. "हिरवी बाजू वर. चाटीचं जेवान हाय ते."

दोन दिवस त्यांनी हात घातला आणि मी मोजलं. एक्केचाळीस भरल्या. तीन नमुने तपासणीला गेले, शिक्कामोर्तब झालं. दोन महिन्यांत आदेशही निघाला, की ओढ्याचा हा भाग राखीव. राखणदार म्हणून नवनाथलाच नेमलं. साहेबांनी बैठकीत माझं नाव घेतलं. मी घरी पेढे नेले.

फेब्रुवारीत एक दिवस कुसाबाई नाशिकच्या ऑफिसात आल्या. एसटीने एकट्याच आल्या होत्या. बाकावर बसून पिशवी मांडीवर घेतली.

"माझी सून, नवनाथची राखी, बाळंत झाली," त्या म्हणाल्या. "नऊ वर्सांनी. मुलगी हाय. लय बारीक हाय."

"अरे वा. अभिनंदन, मावशी."

"दूध न्हाई येत तिला. आज सोळा दिस झाले. रातध्याड रडतीय राखी, आपुनच कुठंतरी कमी पडलो म्हंती. मी तिला बोलून बसले, की माझ्या सासूनं मला दिली, मी तुला देते." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पाच चाट्या पायजेत, सायेब."

मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. म्हणालो, "डॉक्टर काय म्हणतात?"

"येईल म्हंत्यात. गोळ्या दिल्यात."

"मावशी, राखणदार तुमचाच मुलगा. तुम्ही धरल्या असत्या तर मला कळलंसुद्धा नसतं."

"म्हून तर आले," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुमी माझ्या वढ्यात इचारून आला व्हतात. मी बी इचारते."

यावर मी जे बोललो ते सगळं बरोबर होतं. एकूण एक्केचाळीसच आहेत. त्यातल्या तीन आपणच तपासणीला नेल्या. तुम्हाला सूट दिली की उद्या गावातल्या दुसऱ्या बाळंतिणीला नाही म्हणता येणार नाही. जिने जागा दाखवली, तिनेच नियम मोडला असं व्हायला नको. मी चांगली दहा मिनिटं बोललो.

"बरं," शेवटी त्या म्हणाल्या.

मी त्यांना मेडिकलमध्ये नेलं, डॉक्टरांना फोन लावून विचारलं आणि बाळाच्या दुधाच्या पावडरीचा डबा घेऊन दिला. त्यांनी तो पिशवीत खाली ठेवला, वर टॉवेल टाकला. बस सुटेपर्यंत मी स्टँडवर थांबलो. त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या, माझ्याकडे नाही. घरी जाताना मी मनाला समजावलं, की कधीतरी कुणीतरी घट्ट राहायला हवं. आजही मला वाटतं की माझा नकार चुकीचा नव्हता. म्हणून तर तो अजून सलतो.

त्याच आठवड्यात वाल्मीकचा फोन आला. वाल्मीक म्हणजे बोर्डाच्या चौथऱ्याचं काम घेतलेला ठेकेदार. मार्च संपायच्या आत काम उरकायचं होतं. मी दिंडोरीच्या बाजूला शेततळी बघायला निघालो होतो, गाडी खड्ड्यांतून चालली होती.

"साहेब, चौथऱ्याला दगड घोटीहून आणू का? ट्रॅक्टर मिळत नाहीये."

"घोटीहून कशाला?" मी खेकसलो. "ओढ्यात काय दगडांची कमी आहे?"

अर्ध्या मिनिटात फोन ठेवला. दिंडोरीला पोचेपर्यंत मी ते विसरूनही गेलो होतो.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात उद्घाटन होतं. मांडव, फीत, पाहुणे, सगळं वेळेवर. चौथरा दृष्ट लागावी असा झाला होता, गोल दगडांचा, मध्ये सिमेंटच्या रेषा. वर निळा बोर्ड होता, 'राखीव क्षेत्र, मासेमारीस सक्त मनाई.' कुसाबाईंचा शाल-नारळ देऊन सत्कार ठरला होता. माइकवरून त्यांचं नाव पुकारलं, पण त्या मांडवात नव्हत्या. मी बाहेर शोधायला गेलो.

त्या चौथऱ्यापाशी उभ्या होत्या. एका दगडावर तळवा ठेवला होता, ओढ्यात ठेवायच्या तसा.

"ह्यो वरच्या कपारीचा," त्या म्हणाल्या. हात पुढच्या दगडावर गेला. "ह्याच्याखाली तुमची पैली घावली व्हती. पालथा बसवलाय. हिरवी बाजू सिमिटात गेली."

शेजारी नवनाथ मान खाली घालून उभा होता.

"मी दवाखान्यात होतो त्या दिवशी," तो म्हणाला. "आलो तर निम्मे उचलले होते. वाल्मीकभाऊ बोलले, साहेबांनी सांगितलंय. मग मी काय बोलणार?"

पाहुणे जेवायला बसले तेव्हा कुसाबाई आणि मी ओढ्यात उतरलो. मी पँट वर दुमडली. जिथे दगड होते तिथे खळगे पडले होते आणि त्यांत गाळ बसला होता. खडकाच्या अगदी कडेला तीन-चार दगड शिल्लक होते. कुसाबाईंनी एकेकाखाली हात घातला, थांबल्या, रिकामा हात वर घेतला. मग खाली, थेट दारणेच्या तोंडापर्यंत गेलो. वरून जेवणाच्या पंगतीचा आवाज येत होता. त्या प्रत्येक दगडापाशी वाकल्या. प्रत्येक वेळी तळवा मला दाखवत होत्या, मोजणीच्या दिवसांत दाखवायच्या तसा, आणि मोजण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

"मावशी, वाल्मीकला मी सांगितलं होतं," मी म्हणालो. "दगड इथलेच घे असं. त्याची चूक नाही. माझी आहे."

त्या मला रागावल्या असत्या, चारचौघांत शिव्या घातल्या असत्या, तर मला सोसलं असतं. त्यांनी फक्त पाण्यात हात खळबळून धुतला.

"मी पाचच मागितल्या व्हत्या, सायेब," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी पदराला हात पुसला आणि हळूहळू चढ चढू लागल्या. बाळाच्या बाटलीची वेळ झाली होती.