वाळकाच्या बियांचा राखणदार

मित्रांनो, मी एक जुना काळा ट्रे आहे. नर्सरीत रोपं करतात, तो. मला अठ्ठ्याण्णव खड्डे आहेत, आणि छाती ठोकून सांगतो, माझ्यात पडलेलं बी आजवर कधी वाया गेलं नाही. म्हणजे मागची मिरची सोडून. आणि त्याआधीची कोबी. आणि खड्डे तरी आता अठ्ठ्याण्णव कुठले, एकवीस खड्ड्यांची बुडं गेलीत.

माझा जन्म साच्यातला. गरम प्लॅस्टिक, वरून एक दणका, झालो तयार. शिरूरजवळच्या नर्सरीत मी आठ वर्षं राबलो. टोमॅटो, वांगी, झेंडू, सगळ्यांची बाळंतपणं केली. शेतकरी रोप उपसून मुळं बघायचे आणि म्हणायचे, "काय जोमदार हाय!" कौतुक रोपाचं असायचं, मी ते माझंच समजायचो. मग बुडं फाटली आणि मला कुंपणाबाहेर फेकलं. तिथून सत्यजीतनं मला उचललं, गाडीला बांधलं आणि यवतला घरी आणलं. दोन उन्हाळे माझ्यावर नुसत्या कुरडया वाळल्या.

घरात माणसं तीन. सत्यजीत आणि त्याची बायको राजश्री कुरकुंभला कंपनीत जातात, पण वेगवेगळ्या शिफ्टला. तिसऱ्या विठाबाई, सत्यजीतच्या आई. त्यांचं माहेर वडगाव रासाई. तिथं पूर्वी बाजरीत वाळूक यायचं, गावरान काकडीच म्हणा. आता तिथं जिकडंतिकडं ऊस, वाळकाचं बी औषधालाही मिळत नाही. शेवटचं बी विठाबाईंनी शेणाच्या ओल्या गवरीत थापून माळ्यावर जपलं होतं. गवरीतलं बी किडत नाही.

किडत नाही, पण जळतं.

"आई, अंघोळीचं पाणी आज लगेच तापलं बघ," सत्यजीत एका सकाळी म्हणाला.

"कंची गवरी घातली रं बंबात?"

"माळ्यावरची. कडक वाळली हुती."

विठाबाई चिमटा घेऊन बंबाकडं पळाल्या. "आरं मुडद्या, माझं माह्यार जाळलंस की!"

अर्धवट जळालेल्या गवरीतून सात बिया निघाल्या. त्या माझ्या सात धड खड्ड्यांत पडल्या. मित्रांनो, आठ वर्षांत मला इतकी धाकधूक कधी झाली नव्हती.

तेव्हापासून माझी वणवण सुरू झाली. "बियाला ऊब लागती," म्हणून विठाबाई मला उन्हात ठेवायच्या. मोबाईलवर बघून सत्यजीत सावलीत न्यायचा. चिमण्या टोचतील म्हणून राजश्री फ्रिजवर चढवायची. दिवसातून पाच वेळा बिऱ्हाड हलायचं. पाणीसुद्धा शिफ्टनंच. राजश्री पहाटे निघताना तांब्याभर ओतायची, विठाबाई चहानंतर, सत्यजीत दुपारी निघायच्या आधी. प्रत्येकाला वाटायचं, आपल्याशिवाय कुणाचं लक्षच नाही. विचारणार कोण? नवराबायकोची गाठ पडायची ती दारात, एकजण चपला काढताना, दुसरा घालताना. खड्ड्यांत भरलेलं कोकोपीट, म्हणजे नारळाचा भुसा, वर तरंगायला लागलं. चार बिया कुजल्या. पाचवी मुंग्यांनी नेली. सहावीला मोड आला का हे बघायला सत्यजीतनं ती उकरली. मोड आला होता. तो मोडला.

राहिली एक.

नवव्या दिवशी ती उगवली. डोक्यावर टरफलाची टोपी घालून. विठाबाई माझ्यापुढं उकिडव्या बसल्या आणि किती तरी वेळ उठल्याच नाहीत. पुढं रोप अंगणात ओट्याशेजारी रंगाच्या जुन्या डब्यात गेलं, वेल मांडवावर चढला, फुलं भरपूर गळली आणि खाली बुडाशी एकच वाळूक धरलं. ते भुईला टेकून सडू नये म्हणून मला उलटा करून त्याच्याखाली ठेवलं.

"ह्ये बियाला ठिवायचं," विठाबाईंनी सत्यजीतला बजावलं. "पिकून पिवळं झाल्याबिगर हात न्हाई लावायचा. राजश्रीच्या कानावर घाल."

"व्हय," म्हणाला आणि शिफ्टला गेला.

मित्रांनो, तुम्हीही घरी बी लावाल. जरूर लावा. फक्त पाणी जरा कमी घाला आणि एकमेकांशी जरा जास्त बोला.

गुरुवारी विठाबाई दवाखान्यात गेल्या होत्या. तेवढ्यात त्यांचे धाकटे भाऊ बन्सीमामा वडगावहून आले. नुकतीच कामावरून आलेली राजश्री घाईघाईनं विळा घेऊन अंगणात आली. माझ्या पाठीवरचं ओझं एकदम हलकं झालं. जरा वेळानं ओट्यावर बसलेल्या मामांच्या ताटात शेंगदाण्याचं कूट घातलेली हिरवी कोशिंबीर आली.

मामांनी घास घेतला आणि डोळे मिटले. "पोरी, ह्ये तर आपलं वाळूक! बारा वर्सांनी चव घावली गं."

"घ्या की मामा आजून. संकोच करू नका."

मामांनी दोनदा मागून घेतली. विठाबाई दारात आल्या तेव्हा ते हात धूत होते.

"आक्का, सत्यजीतचा फोन आलता, वाळूक धरलंय म्हून. खास त्याच्यासाठीच आलोय. बांधाला लावीन म्हंतो. थोडं बी दे की."

विठाबाईंनी माझ्याकडं बघितलं. मग ताटाकडं बघितलं. ताटात काही उरलं नव्हतं.