अंगातला गांजा

माही सून समता रोज पहाटे पळाले जाते अन् हसत घरी येते. माहा धम्मरत्न जाऊन चार महिने झाले. कावीळ झाली अन् आठ दिवसांत पोरगं हातचं गेलं. आता तुम्हीच सांगा, हे हसू मी कोणत्या डोळ्यानं पाहू?

पोलीस भरतीची तयारी करून राह्यली ती. घरात आम्ही दोघीच उरलो, कोणीतरी कमवाच लागते, म्हणून पळाले मीच धाडलं. हसाले नाही धाडलं. दारातून आली की तोंड लालबुंद, डोळ्यात चमक, अन् आल्याबरोबर भाकर मागते. शेजारच्या पुष्पाबाईचा भाचा असाच उगाच हसे अन् समोर येईन ते खाये. मागून समजलं, तो गांजा ओढे. "ग्राउंडवर पोट्टे काय काय घेऊन येतात, तुले काय मालूम," असं पुष्पाबाई म्हनली अन् माहं डोकं भणाणलं.

मी ताकाले जाऊन भांडं लपवणारी नाही. समता जेवत होती, तवाच इचारलं, "कोण देते तुले?" तिले आधी समजलंच नाही. समजलं तसा हातातला घास हातातच राह्यला. मी म्हनलं, चाल दवाखान्यात, तपासून घेऊ. तिनं ताट सारलं अन् चप्पल घातली.

जळगावात मंजुश्री डॉक्टरीणबाई आहे. तिले म्हनलं, हिची लघवी तपासा, गांजा निघते का पाहा. बाईनं समताकडे पाह्यलं, माह्याकडे पाह्यलं, अन् तपासलं. काहीच नाही निघालं. मंग हे हसू येते कुठून, असं मी जोरात इचारलं. बाहेर बसलेले लोक आत पाहाले लागले.

बाईनं मले खुर्चीवर बसवलं. "मावशी," ती म्हनली, "गांजा डोक्यात ज्या जागी जाऊन बसतो ना, ती जागा गांजासाठी नाहीच. आपलं शरीर स्वतःच त्याच्यासारखं काहीतरी बनवतं, त्याच्यासाठी आहे ती." दुखणं, भेव, भूक, झोप, सगळ्याइले ते आवर घालते म्हने. माणूस बराच वेळ पळाला की रक्तात ते वाढते, मन हलकं होते, अन् मंग ते आपोआप जिरून जाते. शास्त्रज्ञाइनं त्याले आनंदावरून नाव देलं, आनंदामाइड. त्याचं सगळं काम अजून त्याइलेबी पुरतं समजलं नाही म्हने.

"सगळ्याइच्या अंगात असते?"

"सगळ्यांच्या."

"माह्याबी?"

"तुमच्याही."

मले असा राग आला की इचारू नका. चार महिने झाले, माह्या अंगात हा माल पडून आहे, अन् मले त्याचा एक थेंब नाही? मी खोटारडी कोणाले म्हनू, डॉक्टरीणबाईले की माह्या अंगाले? कायच समजत नव्हतं.

परत येताना आटोत समता म्हनली, उद्यापासून मी नाही जात. भरतीची पळायची परीक्षा महिन्यावर आली होती. मले बरं वाटाले पाह्यजे होतं. पण दुसऱ्या दिवशी ती सकाळी सुपात तूर घेऊन बसली, अन् मी तिचं तोंड पाह्यलं. मयतीच्या दिवशी होतं तसंच होतं ते. माह्या मनासारखं झालं होतं, अन् मलेच ते सोसेना. एक दिवस काढला कसातरी. दुसऱ्या पहाटे मीच तिले उठवलं. म्हनलं, चाल, मीबी येतो. माह्या डोळ्यानं पाहू दे.

ग्राउंडवर ती पळाले लागली. मी बसणार होती, पण गवत ओलं, म्हणून कडंकडंनं चालाले लागली. नजर तिच्यावर, कोणी काही देते का. कोणी काही देलं नाही. ती पुढं गेली की मीबी पाय उचलो. आधी गुडघे बोंबलले, मंग गप झाले. घाम आला, वारा लागला. ती माह्याजवळून गेली तसं मी वरडली, "हात हालव व, हात! लग्नात मिरवून राह्यली का?" तिथले पोट्टे हसले. अन् मीबी हसली. तोंड उघडून, मोठ्यानं.

अन् तवाच ध्यानात आलं. इथं आल्यापासून धम्मरत्न मले एकदाबी आठवला नव्हता.

मी तिथंच मटकन बसली. समता पळत आली. काय झालं, कुठं दुखते, इचाराले लागली.

"मी त्याले इसरली व," मी म्हनलं. "माह्या पोटचा पोरगा, अन् मी हसत होती."

तिले दम लागला होता. माह्यासमोर गवतात बसली ती.

"मी रोज इसरतो, आई," ती म्हनली. "मंग घरी येतो, भाकर खातो. हात धुवाले उठली की दारात त्याची चप्पल दिसते, अन् तो गेला हे मले रोज नव्यानं समजते."

म्हणजे ते हसू मले रोज दिसे, अन् त्याच्या पुढचं मी कधी पाह्यलंच नाही. राग कोणावर करू, तिच्यावर, स्वतःवर, का मले न इचारता हसणाऱ्या ह्या अंगावर, मले अजून समजलं नाही. मी पदरानं आधी तिचं तोंड पुसलं, मंग माहं.

"किती चक्कर राह्यले?"

"दोन."

"मंग बसली काऊन? घरी जाऊन रडू दोघी. आता पळ."