गिड्रीचे हात

मरणं हा माझा धंदा. गोळी लागून, आगीत होरपळून, कड्यावरून पडून, कसंही. ‘गॅलोज मून’ या खेळाच्या पहिल्या भागात, त्या दूरच्या चंद्रावरच्या खाणीत, जे काही सरपटत आणि किंचाळत अंगावर येतं, त्यातलं जवळजवळ प्रत्येक जनावर मी आहे. डॅलसच्या शेजारी गार्लंडमध्ये गाद्यांचं एक जुनं गोदाम होतं, तिथे आम्ही काम करायचो. अंगाला घट्ट काळा पोशाख, त्यावर चमकणारे ठिपके, आणि भोवती कॅमेऱ्यांचं रिंगण. मी हललो की ठिपके हलणार, आणि मग संगणकावरची मंडळी त्या ठिपक्यांवर हवं ते कातडं चढवणार. माझं नाव लायल टॅन्सी. खेळात माझा चेहरा कुठेच नाही.

पहिला भाग तुफान चालला, म्हणून दुसरा काढायचं ठरलं. आमचा दिग्दर्शक ब्रॉक म्हणाला, या वेळी मारामारी खोटी वाटता कामा नये. म्हणून नायकाच्या जागी त्याने नट घेतलाच नाही. लुइझियानाच्या किनाऱ्यावरचा एक माजी मरीन सैनिक शोधून आणला. रॉय गिड्री.

हा खेळ नायकाच्या डोळ्यांतून दिसतो. नायकाचं तोंड खेळणाऱ्याला कधी दिसत नाही. दिसतात ते त्याचे हात, बंदूक धरलेले, सुरा धरलेले. म्हणजे लाखो लोक पडद्यावर बघणार होते ते गिड्रीचे हात, आणि ते आपलेच आहेत असं समजून मारत सुटणार होते. हात होतेही तसेच. रुंद, पोळलेले, डाव्या करंगळीचं टोक उडालेलं.

माणूस मात्र गरीब स्वभावाचा. जेवायच्या सुट्टीत टाकोवर इतका तिखट सॉस ओतायचा की बघणाऱ्याच्या डोळ्यांना पाणी यावं. पहिल्याच दिवशी मी त्याच्या गोळीने मस्त हात पसरून, गिरकी घेऊन पडलो, तर हा कमरेवर हात ठेवून बघत राहिला.

“हे काय होतं?”

“मेलो की.”

“असं कोणी मरत नाही रे. लग्नात नाचतोयस का? माणूस पोत्यासारखा खाली बसतो. जागच्या जागी. दोऱ्या कापल्यासारखा.”

त्याने ते करून दाखवलं. गोदामात कोणी हसलं नाही. तेव्हापासून मी तसाच मरायला लागलो.

तो इराकमध्ये होता, फलुजात घरोघरी शिरून लढला होता, एवढं सगळ्यांना माहीत होतं. त्यापुढे त्याने कधी सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही. मारामाऱ्या बसवणारी ओफिलिया ट्रेव्हिन्यो तर रोज सकाळी बजावायची, “त्याला तिथलं काही विचारायचं नाही. त्याला दुपारचं जेवण विचारा.”

दुसऱ्या भागाची गोष्ट अशी होती. खाणीतली ती जनावरांची जात आता माणसांच्या अंगात शिरायला शिकली आहे. पहिल्या भागात नायकाने ज्याला खांद्यावर टाकून बाहेर काढलं, तो त्याचा दोस्त सार्जंट मॅदर, त्याच्याच अंगात ती शिरते. मॅदर बोगद्यात नायकावर झडप घालतो. बंदूक हातातून उडते, सुरा तुटतो. शेवटी नायकाने आपल्या दोस्ताला नुसत्या हातांनी गळा दाबून मारायचं. तो दोस्त त्याच्या मूळच्या आवाजात गयावया करत असताना. मॅदर मी होतो.

त्या दिवशी सकाळपासून आम्ही तोच प्रसंग करत होतो. जमिनीवर पट्ट्या चिकटवून बोगदा आखलेला, खाली जाड फोम. मी झडप घालायचो, दोघे भिंतीवर आदळायचो, मी त्याच्या खांद्याला चावायचो, तो माझं डोकं जमिनीवर आपटायचा, आणि मग त्याचे अंगठे माझ्या गळ्यावर, एका केसाचं अंतर ठेवून. आमचा ठरलेला शब्द होता ‘बिस्किट’. तो कानावर पडला की जिथल्या तिथे हात सोडायचे.

ब्रॉकला एकही खेप पसंत पडेना.

“हे काय चाललंय? मालिश? मला मरण पाहिजे!”

“माणसं मोडून पाहिजेत का तुला?” ओफिलिया ओरडली. “अख्खी सकाळ आपटतायत ती.”

“अजून एकदाच.”

मग माझ्या शिरस्त्राणातल्या इअरफोनमधून ब्रॉकचा आवाज आला, हळू, फक्त मला ऐकू येईल असा. “लायल, या वेळी दिवे जातील. दचकू नकोस. आणि त्याचं खरं नाव घे. मॅदर म्हणून नको, तू म्हणून विनव.” ओफिलियाला विचारूनच ठरवलं असेल, असं मी धरून चाललो. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

मी झडप घातली. आम्ही भिंतीवर आदळलो. आणि गोदामातले सगळे दिवे गेले. त्या कॅमेऱ्यांना उजेड लागत नाही. त्याच क्षणी कर्ण्यांतून स्फोट झाला, असा की छातीच्या फासळ्या हलल्या. आणि मी ओरडलो, “गिड्री! नको, गिड्री! मी आहे!”

माझ्या हाताखालचं त्याचं अंग बदललं. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. इतका वेळ तो माझ्याबरोबर हलत होता; आता तो माझ्यावर चालून आला. पहिला फटका माझ्या गळ्याखालच्या हासळीच्या हाडावर बसला आणि ते मोडल्याचा आवाज मला आतून ऐकू आला. मी खाली पडलो. त्याचा गुडघा माझ्या पोटात रुतला. त्याने माझं शिरस्त्राण पट्ट्यासकट उपटलं, कानाजवळची कातडी सोलली गेली, आणि माझं डोकं फोमच्या बाहेर, उघड्या सिमेंटवर आपटलं. एकदा. पुन्हा.

“बिस्किट!” मी म्हणालो. “बिस्किट, बिस्कि—”

मग त्याचे अंगठे गळ्यात गेले. या वेळी अंतर नव्हतं.

मी खराखुरा लढलो. त्याच्या मनगटाला चावलो, तोंड रक्ताने भरलं. मोकळ्या हाताने डोळे शोधले, गाल ओरबाडले, कपाळाने त्याच्या तोंडावर धडक मारली. त्याचा दात माझ्या भुवईत घुसला. त्याला काहीच लागत नव्हतं. तो आवाजसुद्धा करत नव्हता, नुसता श्वास, संथ, काम करणाऱ्या माणसाचा. माझ्या गळ्यात काहीतरी कडकन मोडलं. मग पाय थंड पडत गेले आणि मला वाटलं, पोत्यासारखं म्हणाला होता तो. हे पोत्यासारखं नाहीये.

लांबून ब्रॉकचा आवाज येत होता, “चालू द्या, चालू द्या, कोणी मध्ये जाऊ नका!”

ओफिलिया अंधारात धावत आली आणि हाताला लागलेला दिव्याचा लोखंडी स्टँड तिने त्याच्या पाठीत घातला. गळा सुटला. तो वळला आणि त्याचं कोपर तिच्या तोंडावर बसलं. तिचं नाक फुटलं. पडता पडताही ती गळा फाडून ओरडत होती, “दिवे! दिवे लावा रे हरामखोरांनो!”

दिवे लागले. गिड्री मूठ उगारून तिच्यावर वाकलेला होता. तिच्या हनुवटीवरून रक्त गळत होतं. त्याने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग दोन्ही हात अंगापासून दूर धरून, जणू ते कोणीतरी त्याला सांभाळायला दिलेत, तो भिंतीला पाठ लावून खाली बसला.

माझ्या गळ्यातली कूर्चा चिरली होती. डॉक्टरांनी नळी घातली, बोलायला बंदी केली. गिड्री इस्पितळात आला तेव्हा दारातच थांबला. मी हाताने खुर्ची दाखवली, तरी बसायला त्याने वेळ घेतला. त्याच्या गालावर माझ्या नखांचे ओरखडे होते.

“तिकडे एका घरात,” तो म्हणाला, “जिन्याखाली अंधारात एक जण माझ्या अंगावर आला. बंदूक अडकली होती. मी हातांनीच... तो एकच शब्द परत परत म्हणत होता. मला त्यांची भाषा येत नव्हती. काम झाल्यावर मी दुभाष्याला विचारलं, हा शब्द म्हणजे काय.” त्याने आपल्या हातांकडे बघितलं. “‘थांब’ म्हणत होता तो.”

त्याने माझ्या गळ्यातल्या नळीकडे बोट केलं.

“तूही तेच म्हणत होतास ना?”

खोटं काय बोलणार. मी होकारार्थी मान हलवली. त्याने चेहरा तळहातांत घेतला, आणि लगेच हात काढून मांडीखाली दाबून ठेवले.

पुढच्या आठवड्यात गिड्री माझ्याजवळ बसलेला असताना नाकावर पट्टी लावून ओफिलिया आली. रागाने लाल झाली होती. “तुम्हाला कळलं का? त्या ब्रॉकने ते चित्रण फेकून दिलं नाही. कातडं चढवून वरच्या लोकांना दाखवलं. सगळे म्हणतात, असं काही आजवर बघितलंच नाही. तेच ठेवणार आहेत, खेळात.”

मला सोडलं त्याच दिवशी आम्ही तिघे गोदामात गेलो. ब्रॉकने थांबवलं नाही. उलट खुश झाला. “आधी बघा तरी,” म्हणाला. मोठ्या पडद्यावर त्याने ते लावलं. बोगदा, ओल, लाल दिवा. खाली मॅदरचा चेहरा, डोळे बाहेर आलेले, आणि त्याच्या गळ्यावर दोन हात. गिड्रीच्या डोळ्यांच्या जागेवरून दिसणारे गिड्रीचे हात. हे दृश्य त्याने याआधी एकदा तिथूनच बघितलं होतं, जिन्याखाली.

त्याने खुर्ची उचलून पडद्यात घातली. काचा उडाल्या. दुसऱ्या हाताने त्याने ब्रॉकची कॉलर पकडली आणि त्याला टेबलावरून ओढत भिंतीपर्यंत नेलं, त्याचे पाय जमिनीवरून उचलले गेले. ब्रॉकच्या तोंडातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. गिड्रीची मूठ मागे गेली.

“बिस्किट,” मी म्हणालो. आवाज नव्हताच, नुसती घरघर.

मूठ तिथेच राहिली. मग एकेक बोट सुटलं आणि ब्रॉक भिंतीवरून घसरत खाली आला.

“ते पुसून टाक,” मी त्याला म्हणालो. “आमच्यासमोर. आम्ही पुन्हा करून देतो.”

“आणि तितकं चांगलं नाही आलं तर?” गळा चोळत तो म्हणाला. त्या अवस्थेतही हेच.

ओफिलियाने पट्टीवर बोट ठेवलं. “तर हे नाक मी कोर्टात घेऊन जाईन. आणि ‘चालू द्या’ म्हणालास, ते ऐकलेले इथे सगळे आहेत.”

त्याने पुसलं.

हाड जुळल्यावर आम्ही पुन्हा उभे राहिलो. गिड्री येणार नाही असंच मला वाटत होतं, पण तो आला. पोशाख घालता घालता तो म्हणाला, “तू वेडा आहेस. माझ्याखाली पुन्हा कशाला पडतोस?”

“धंदा आहे माझा.”

“थट्टा नको करूस.”

“नाही करत. हे बघ, माझा उजवा हात सारखा तुझ्या फासळ्यांवर असेल. मी थोपटत राहीन. थोपटतोय म्हणजे मी लायल आहे आणि जिवंत आहे. थोपटणं थांबलं, की तू थांबायचं.”

दिवे चालू. स्फोट नाही. मी झडप घातली. आम्ही भिंतीवर आदळलो, मी चावलो, त्याने माझं डोकं आपटलं, खोटा सुरा तुटला, त्याने उरलेला तुकडा माझ्या बरगडीत खुपसला आणि फिरवला, मी किंचाळलो, आणि मग अंगठे गळ्यावर आले. हलके. माझं अंग मात्र खरंच ताठलं. अंगाला ते आठवत होतं. मी थोपटायला लागलो. वर त्याचा चेहरा घामाने आणि रडण्याने ओला झालेला, दात आवळलेले, आणि माझा तळहात त्याच्या फासळ्यांवर, झोपवताना थोपटावं तसा. मी गयावया केली, घशातून उरलेला सगळा आवाज काढला. मग मी मेलो. हात थांबला. आणि त्याने त्याच क्षणी मला सोडलं.

ब्रॉकने पुन्हा करायला सांगितलं नाही. ओफिलियाने येऊन आम्हा दोघांवर पांघरूण टाकलं.

खेळ शरद ऋतूत आला. तो प्रसंग लोकांच्या मनात बसला. मॅदर मरताना नायकाला का थोपटतो, यावर अजून वाद चालतात. कोणी म्हणतं, आतल्या दोस्ताने माफ केलं. कोणी म्हणतं, ती त्या जनावराची लबाडी आहे. मी कुठेच काही लिहिलं नाही.

गिड्री किनाऱ्यावर परत गेला, भावाच्या कोळंबीच्या बोटीवर. तिसऱ्या भागासाठी त्यांनी त्याला बोलावलं, तो गेला नाही. मीही गेलो नाही. माझा आवाज आता खालीच लागतो, आणि ओफिलियाबरोबर मी नटांना पडायला शिकवतो. मध्यंतरी त्याला फोन केला.

“गळा कसा आहे?” त्याने विचारलं.

“थंडीत दुखतो. तुझं?”

“झोप येते,” तो म्हणाला. “रोज नाही. पण येते.” मागे इंजिनाची धडधड ऐकू येत होती, आणि त्याचा भाऊ जाळं ओढायला ये म्हणून शिव्या घालत होता.