पाउझमधली खाली

जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गच्या मोटार कारखान्यात पद्माकरच्या तोंडी दिवसभर एकच शब्द असे: टाक्ट. एक गाडी पुढे सरकल्यावर दुसरी किती वेळाने यायची, तो टाक्ट. त्यामुळे ड्रमच्या पहिल्याच शिकवणीत फ्राउ ब्रांटबाई "टाक्ट म्हणजे..." म्हणून ताल समजवायला लागल्या, तेव्हा हा गृहस्थ म्हणाला, "हो, हो, तो मी रोजच सांभाळतो." तिथेच माशी शिंकली.

खरं तर शिकवणी अन्वीची होती. दहा वर्षांची पोर, मराठी सगळं समजायची, पण उत्तर जर्मनमध्ये फेकून खोलीत निघून जायची. पद्माकरला याचं फार वाईट वाटे. निदान तेवढा वेळ लेकीशेजारी बसायला मिळेल, म्हणून त्याने स्वतःचंही नाव घातलं.

"अरे, तुला आरतीत टाळ्या धड जमत नाहीत!" नंदिनी म्हणाली. बायको असली तरी खोटं बोलली नव्हती.

खरी पंचाईत झाली पाउझची. कारखान्यात पाउझ म्हणजे चहाची सुट्टी. त्यामुळे बाई "पाउझ!" म्हणाल्या, तेव्हा पद्माकरने काठ्या ठेवून थर्मास उघडला. संगीतातली पाउझ म्हणजे हात आवरून मनात मोजत राहायचं, हे कळल्यावर तर त्याची अवस्था आणखी बिकट झाली. लाईन बंद पडली की इंजिनियरचा जीव कसा वरखाली होतो! शांतता त्याला सोसवेना, आणि तो हमखास आधीच ठोका देऊन मोकळा होई.

"त्सू फ्रू, बाबा! त्सू फ्रू!" अन्वी कातावून म्हणे. लवकर, फार लवकर! शेवटी तिने जर्मनमध्येच निर्वाणीचं सांगितलं: ब्रांटबाईंच्या कार्यक्रमात लवकर ठोका दिलास, तर यापुढे मी एकटी शिकणार.

पद्माकर उपाय शोधू लागला. आणि मग त्याला आठवली ती तबल्यातली खाली. लहानपणी सांगलीत तो तबल्याच्या क्लासला जाई, गुरुजींनी हात जोडेपर्यंत. तबला पार विसरला होता, पण तालातल्या रिकाम्या जागेला टाळी न देता हात उघडून बाजूला फिरवायचा, एवढं डोक्यात राहिलं होतं. हाताला काम मिळालं की जीव थाऱ्यावर! तो पोळपाटावर सराव करू लागला.

कार्यक्रम वृद्धाश्रमाच्या हॉलमध्ये होता. पहिली पाउझ आली. पद्माकरने तळवा उघडून हात ऐटीत बाजूला नेला. पहिल्या रांगेतल्या एक आजी हसल्या आणि त्यांनीही हात हलवला. दुसऱ्या पाउझला अख्ख्या रांगेने हलवला. पुढच्या वेळी व्हीलचेअरमधल्या आजोबांनी टोपी काढून हलवली.

अन्वीचे कान लाल झाले. त्या गोंधळात तिचं मोजणं चुकलं. काठी वरच राहिली, डोळे भरून आले, आणि तिने बापाकडे पाहिलं. बाप मात्र आयुष्यात पहिल्यांदा घाई न करता मोजत होता. त्याचा हात फिरला, परत आला, मान हलली: आता. दोघांचा ठोका एकदम पडला, आणि म्हाताऱ्यांनी हॉल डोक्यावर घेतला.

परतताना तिघांची गाडी सिग्नलला थांबल्यावर पद्माकरने भीतभीत विचारलं, "मग... पुढच्या वेळी एकटीच का?"

"नाइन," मागून अन्वी म्हणाली. "दू कान्स्ट ब्लायबेन." नाही, तू राहू शकतोस. पद्माकरचा चेहरा खुलला. तेवढ्यात तिने त्याच्या पिशवीतल्या काठ्या काढून आपल्या दप्तरात टाकल्या. "आबर नूर विंकन."

"पण फक्त हात हलवायचा म्हणे," नंदिनीने हसू दाबत मुद्दाम मराठीत सांगितलं.

पद्माकरला तेवढंही भरपूर होतं. आनंदाच्या भरात त्याने तिथेच एक झोकदार खाली दाखवली. शेजारच्या गाडीतल्या बाईंनी लगेच हात हलवला.

"त्सू फ्रू, बाबा," अन्वी म्हणाली, आणि या वेळी ती खुदुखुदु हसत होती.